दानीएल

दानीएल : बायबलच्या जुन्या करारातील दानीएलच्या पुस्तकाचा नायक; बाबिलोनी बंदिवासात वाढलेला आणि परकीय सम्राटांच्या सेवेत आयुष्य वेचूनही इस्राएलाच्या देवाशी अखेरपर्यंत एकनिष्ठ राहिलेला यहूदी पुरुष. त्या कथेचा काळ इ. स. पू. सहावे शतक हा आहे. गिदोन किंवा दावीद यांचे शौर्य रणांगणावर प्रकट झाले; दानीएल आणि हनन्या, मीशाएल व अजऱ्या हे त्याचे तीन सोबती यांचे धैर्य मात्र दरबाराच्या नित्याच्या कारभारात कसाला लागले, आणि म्हणूनच परसत्तेखाली जगणाऱ्या श्रद्धावंतांना या चौघांचे उदाहरण विशेष आधाराचे वाटत आले आहे.

बंदिवास व दीक्षा : यहूदाचा राजा यहोयाकीम याच्या कारकिर्दीत बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेला वेढा घातला आणि तेथील कुलीन तरुण बाबिलोनला नेले, असे ग्रंथात म्हटले आहे. तीन वर्षे खास्दी भाषा व विद्या शिकवून त्यांना राजसेवेत रुजू करून घ्यावयाचे, असा हुकूम होता. दानीएलाला बेल्टशस्सर व त्याच्या सोबत्यांना शद्रख, मेशख आणि अबेदनगो अशी नवी नावे मिळाली. ही नावे, ती भाषा आणि ती विद्या या चौघांनी स्वीकारली. परंतु राजाच्या मुदपाकखान्यातील अन्न व मद्य धर्मदृष्ट्या विटाळ करणारे असल्यामुळे त्यांनी ते नाकारले, आणि देखरेखीवरील अंमलदाराला सौजन्याने विनवून दहा दिवस केवळ शाकान्न व पाणी यांवर राहण्याची परवानगी मिळविली. सत्तेशी सहकार्य कोठवर करावयाचे आणि कोठे थांबावयाचे, याचा जो विवेक पुढील सर्व प्रसंगांत दिसतो, त्याची सीमारेषा येथेच आखली गेली.

अग्निपरीक्षा : दूरा येथील मैदानात नबुखद्नेस्सराने साठ हात उंचीची सुवर्णमूर्ती उभारली आणि वाद्यांचा घोष होताच सर्वांनी तिला दंडवत घालावे, अन्यथा धगधगत्या भट्टीत पडावे, असे फर्मान काढले. दानीएलाच्या तीन सोबत्यांनी ते मानले नाही. आपला देव आपल्याला सोडविण्यास समर्थ आहे, पण त्याने सोडविले नाही तरीही आपण या मूर्तीला भजणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. सुटकेची हमी न मागता दिलेले हे उत्तर सबंध ग्रंथाचा नैतिक गाभा होय. भट्टी सातपट तापविली गेली. तिच्यात त्यांच्यासमवेत दिव्य रूपाचा चौथा पुरुष राजाला दिसला आणि तिघेही अनाहत बाहेर आले.

सिंहांची गुहा : ग्रंथानुसार बाबिलोनच्या पाडावानंतर सत्तेवर आलेल्या दारयावेश मेदी याने राज्यावर एकशे वीस प्रांताधिकारी व त्यांच्यावर तीन अध्यक्ष नेमले, त्यांपैकी दानीएल एक होता. त्याच्या उत्कर्षाने मत्सरग्रस्त झालेल्या सहकाऱ्यांनी त्याच्या कारभारात खोट शोधली, पण ती न सापडल्यामुळे त्याच्या उपासनेवरच घाला घालण्याची मसलत त्यांनी केली. तीस दिवस राजाखेरीज कोणत्याही देवाची वा मानवाची प्रार्थना करू नये, करणाऱ्यास सिंहांच्या गुहेत टाकावे, अशा आज्ञापत्रावर त्यांनी राजाची सही घेतली. दानीएलाने उपासनेत नवे काही केले नाही आणि जुने काही सोडले नाही. यरुशलेमेच्या दिशेला उघडणाऱ्या खिडकीशी तो पूर्वीप्रमाणेच दिवसातून तीनदा गुडघे टेकीत राहिला. राजाने सूर्यास्तापर्यंत त्याला सोडविण्याची खटपट केली, परंतु मेदी व पारशी यांचा कायदा अपरिवर्तनीय असल्यामुळे ती निष्फळ ठरली. एक रात्र सिंहांच्या गुहेत काढून तो सुखरूप बाहेर आला.

ग्रंथ व काळ : बारा अध्यायांच्या या पुस्तकातील पहिले सहा मुख्यतः कथात्मक, तर उरलेले दृष्टांतात्मक आहेत, काही भाग इब्री व काही अरामी भाषेत आहे. यहूदी परंपरा त्याची गणना ‘लेखां’त, तर ख्रिस्ती परंपरा संदेष्ट्यांच्या ग्रंथांत करते. बाबिलोन इ. स. पू. ५३९ मध्ये पारशी सम्राट कोरेश याच्या हाती पडले, हे इतिहाससिद्ध आहे. दारयावेश मेदी मात्र अन्य समकालीन साधनांत आढळत नाही. बहुसंख्य आधुनिक अभ्यासकांच्या मते ग्रंथाचे विद्यमान रूप इ. स. पू. १६५ च्या सुमारास, सेल्युसिड राजा चौथा अँटायोकस याने यरुशलेमेचे मंदिर भ्रष्ट करून यहूदी धर्माचरणावर बंदी घातली त्या काळात सिद्ध झाले. परंपरानिष्ठ मत मात्र हा ग्रंथ दानीएलाचाच मानते.

प्रभाव : मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात अँटायोकसविरुद्ध उठलेला मत्तथ्या मरतेसमयी आपल्या पुत्रांना भट्टीतील तिघांचा व गुहेतील दानीएलाचा दाखला देतो. रोममधील भुयारी दफनभूमींत प्रारंभीच्या ख्रिस्ती लोकांनी हेच दोन प्रसंग चितारले. राजाची चाकरी चोख करावी, परंतु देवाचा मान राजाला देऊ नये, ही या चरित्राची शिकवण आहे. आणि धैर्याचे मोल सुटकेवरून न ठरता सुटकेची शाश्वती नसताना केलेल्या निश्चयावरून ठरते, हा त्याचा सर्वांत मोलाचा निर्वाळा होय.