पिकली नाहीत ती सोडून : नॉट१ची गोष्ट

मागच्या शनिवारी नंदाखालला मामांकडे होतो. मामी सुकेळीसाठी राजेळी केळी निवडत होती. मला म्हणाली, "पिकली नाहीत ती बाजूला काढ, राहतील ती टोपलीत घाल." सरळ "पिकलेली घे" का नाही म्हणाली, देव जाणे! मला मात्र हसू आलं. सी++मध्ये आम्ही तेरा वर्षं असंच बोलत होतो.

झालं असं, की अलेक्झांडर स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांनी ह्यूलेट-पॅकार्डमध्ये एसटीएल लिहिलं, जुलै १९९४ मध्ये समितीने ते स्वीकारलं आणि १९९८ च्या पहिल्या स्टँडर्डमध्ये ते आलं. या धांदलीत कॉपी_इफ हा साधासुधा अल्गोरिदम चक्क राहून गेला. स्ट्राउस्ट्रुपनेही नंतर ते मान्य केलं. हाताशी होता रिमूव्ह_कॉपी_इफ, म्हणजे 'अट लागू पडते ते सोडून बाकीचे उचल'. मग पिकलेली हवी असतील तर अटच उलटी करायची : नॉट१(पिकलं_का). दोन नकार, एक होकार.

आता नॉट१ करतं काय? तुमचं प्रेडिकेट पोटात ठेवून युनरी_निगेट नावाचं एक ऑब्जेक्ट देतं, आणि ते ऑब्जेक्ट दरवेळी आलेलं उत्तर उलटवतं. पण त्याची एक अट होती. प्रेडिकेटने आपला आर्ग्युमेंट_टाइप आधीच जाहीर केलेला हवा. मराठीत तरी काय, मी नाही, तू नाहीस, ते नाहीत... कर्ता कळल्याशिवाय नकाराचं रूप ठरत नाही! साध्या फंक्शनकडे हा टाइप कुठून असणार? म्हणून त्याला प्टर_फन गुंडाळायचं, नाहीतर युनरी_फंक्शनपासून वारसा घेणारा क्लास लिहायचा. त्यातून फंक्शन कॉन्स्ट रेफरन्स घेणारं असलं की रेफरन्सचा रेफरन्स तयार व्हायचा, जो तेव्हाच्या नियमात बसत नसे. एरर मेसेज पानभर. २००४ मध्ये अशाच एका क्लासपायी मी दोन रात्री जागलोय.

गेल्या महिन्यात ऑफिसात तोच कोड सी++२० वर नेत होतो आणि कंपायलरने नॉट१ ओळखच दाखवली नाही. टीममधल्या पंचविशीच्या मुलीने विचारलं, "हा रिकामा क्लास कशासाठी आहे?" काय सांगणार! २०११ मध्ये लॅम्डा आले, कॉपी_इफही आला. २०१७ मध्ये नॉट_एफएन आलं, ज्याला टाइप आधी सांगावा लागत नाही आणि आर्ग्युमेंट्स कितीही चालतात. त्याच वर्षी नॉट१ मोडीत निघालं, आणि २०२० च्या स्टँडर्डमधून पुरतं गेलं.

मी तोऱ्यात म्हटलं, पाच मिनिटांचं काम. नॉट१ उडवलं, जागी लॅम्डा टाकला. कंपाइल झालं, वॉर्निंगसुद्धा नाही. पण बाहेरचा रिमूव्ह_कॉपी_इफ तसाच राहिला होता. चालू ग्राहकांच्या यादीत बंद झालेले ग्राहक तेवढे आले! टेस्ट होती म्हणून वाचलो, आणि ती टेस्ट त्याच मुलीने लिहिली होती. मग निमूटपणे कॉपी_इफ घातला आणि तो क्लास तिलाच डिलीट करू दिला.

हो, टोपलीत दोन कच्ची केळी गेलीच. मामीने काढली.