कचरू ते सिद्धार्थ : आपल्या नावांचा इतिहास

विहारात बाळाचे नामकरण असले की त्रिसरण-पंचशील झाल्यावर सगळ्यांचे कान एकाच गोष्टीकडे लागतात. नाव काय ठेवले? मग कुणी प्रज्ञा सांगते, कुणी राहुल, कुणी संघमित्रा. टाळ्या वाजतात आणि आपण खीर खाऊन घरी जातो. पण घरी गेल्यावर कधी तरी जुनी ट्रंक उघडा. पणजोबांच्या काळातले एखादे कागदपत्र सापडले तर त्यावरची नावे वाचा. कचरू, धोंड्या, दगड्या, भिक्या, केऱ्या. बायकांची नावे कचरी, धोंडी, दगडी. नावात काय आहे, असे आपण सहज बोलून जातो. पण ज्यांच्या वाडवडिलांनी ही नावे जन्मभर वाहिली, त्यांनी तरी असे म्हणू नये.

ही नावे आपोआप पडली नाहीत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावाचासुद्धा कायदा आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळ दाखवणारे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे मात्र किळस वाटावी असे. नावाचा दुसरा भागही शूद्राच्या बाबतीत चाकरी दाखवणारा असावा, असे सांगितले आहे. शूद्राची ही गत, तर गावकुसाबाहेरच्यांचे काय सांगावे! परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यात आपल्या नावावरचा हा शिक्काही होता.

आता कुणी म्हणेल, अशी नावे इतर जातींतही होती. खरे आहे, आणि ते कबूल केले पाहिजे. मुले जगत नसत म्हणून पुढच्या बाळाला मुद्दाम वाईट नाव ठेवायचे, म्हणजे त्याला दृष्ट लागणार नाही, मरण त्याच्याकडे पाहणार नाही, अशी भाबडी समजूत सगळीकडेच होती. महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो केशव. त्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले. पुण्याच्या प्रसिद्ध हलवायाचे नाव दगडूशेठ. म्हणजे धोंडा आणि दगड तिकडेही होता. फरक पडला तो शेपटात! तिकडे धोंडोपंत आणि दगडूशेठ, इकडे धोंड्या आणि दगड्या. नाव तेच, पण हाक मारणाऱ्याची जीभ वेगळी. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यालाही गावातले पोर एकेरीत हाक मारी आणि म्हातारा जोहार घालून उभा राही. नावापेक्षा या हाकेनेच माणसाचा कणा वाकवला.

बाबासाहेबांचे लहानपणीचे नाव भिवा. पण त्यांचे वडील सुभेदार रामजी, आजोबा मालोजी. पलटणीत नोकरी केलेल्या या घराण्यात शिक्षण शिरले होते. भिवाचा भीमराव झाला तो नुसता नाव बदलून नव्हे, तर दिवस-रात्र अभ्यास करून.

म्हणूनच नुसत्या नाव बदलण्याने ते कधी भुलले नाहीत. १९३६ साली मुंबईच्या महार परिषदेत ‘मुक्ती कोन पथे?’ या भाषणात त्यांनी स्पष्ट सांगितले की, त्याच धर्मात राहून स्वतःला चोखामेळा म्हणवून घेतल्याने अस्पृश्यता जाणार नाही. १९३८ साली ‘हरिजन’ हे नाव कायद्यात घालण्याच्या प्रश्नावर त्यांच्या पक्षाने मुंबई विधिमंडळात सभात्याग केला. दुसऱ्याने दयेपोटी दिलेले नाव त्यांना नको होते. स्वतः मात्र त्यांनी विचारपूर्वक नावे दिली. १९४६ साली मुंबईत काढलेल्या महाविद्यालयाचे नाव सिद्धार्थ, आणि औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद.

मग १४ ऑक्टोबर १९५६ उजाडला. नागपूरला लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. महाराष्ट्रात १९५१ च्या जनगणनेत बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ ला ते झाले सत्तावीस लाखांहून जास्त! त्या दहा वर्षांत वस्त्या-वस्त्यांत पाळण्यातली नावे बदलली. गौतम, आनंद, नागसेन, सुजाता, विशाखा, यशोधरा. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या धाकाने नाव ठेवणाऱ्या आई-बापांनी आपल्या मनाने नाव निवडले.

या नावांनी आयुष्य बदलले का? प्रामाणिकपणे सांगायचे तर नुसत्या नावाने नाही. अमेरिकेत फ्रायर आणि लेव्हिट या अभ्यासकांनी कॅलिफोर्नियातल्या जन्मनोंदी तपासल्या. कृष्णवर्णीय वाटणारे नाव आणि पुढचे आयुष्य यांचा संबंध लावताना जन्मावेळची घरची परिस्थिती हिशेबात घेतली, तेव्हा नुसत्या नावामुळे नुकसान झालेले त्यांना दिसले नाही. पण दुसरी बाजूही आहे. आपले प्रा. सुखदेव थोरात यांनी पॉल अॅटवेल यांच्याबरोबर खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, फरक नावाचा, त्यातही आडनावाचा. २००७ साली निष्कर्ष छापून आला. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, मुसलमान नावाला एक तृतीयांश. म्हणजे नाव माणसाला अडवत नाही, नाव वाचणारा अडवतो.

आणि लहान जिवावर नावाचा घाव बसतोच. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून ‘नकुशी’ नाव ठेवलेल्या २८५ मुलींना सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये जाहीर समारंभात नवी नावे देण्यात आली. शाळेत रोज हजेरीला स्वतःला ‘नको’ म्हणवून घेणाऱ्या पोरीला काय वाटत असेल, हे आपल्यापेक्षा जास्त कोण जाणेल?

आज आपल्यातले काहीजण नोकरीसाठी, भाड्याच्या खोलीसाठी आडनाव बदलतात. त्यांना नावे ठेवू नका, दार बंद करणारा दोषी आहे. पण बंधू-भगिनींनो, एक गोष्ट आपल्या हातात आहे. मुलाला नाव ठेवलेत, आता त्याचा अर्थही सांगा. मिलिंद हा भंते नागसेनांना निर्भयपणे प्रश्न विचारणारा राजा होता, हे घरातल्या मिलिंदला ठाऊक आहे का? नसेल तर त्याला आज सांगा आणि उद्या वेळेवर शाळेत पाठवा. आणि आपल्याच घरात सिद्धार्थचा ‘शिद्ध्या’ करू नका. धोंड्या म्हणवून घेऊन आपले पणजोबा पुरेसे वाकले आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!