रत्नागिरीच्या खाड्यांतील गाळ आणि प्लॅस्टिक

सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्यांच्या खाड्यांकाठी रत्नागिरी जिल्ह्यातील कांदळवन उभे आहे. तिवर, कांदळ, पांढरी चिपी ही त्यातील ठळक झाडे. त्यांच्या मुळांत भरतीचे पाणी मंदावते, गाळ बसतो आणि त्यात तिसऱ्या, कुर्ल्या, निवट्या वाढतात. सुकतीला चिखल चाचपून तिसऱ्या काढणे हे इथल्या बायकांचे पिढीजात काम. काळबादेवी खाडीतील तिसऱ्यांच्या प्रजननावर नागभूषणम आणि माने यांचा शोधनिबंध 1975 मध्ये प्रसिद्ध झाला.

पूर्वी या गाळात जे अडके ते कुजत असे. जाळी सणाची किंवा सुती असत. ती टिकावीत म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवत, तरी अखेर विरत. पॉलिथिन 1933 मध्ये इंग्लंडमध्ये आणि नायलॉन 1935 मध्ये अमेरिकेत तयार झाले. स्वातंत्र्यानंतर नायलॉनची जाळी कोकणात आली. ती हलकी आणि टिकाऊ असल्याने मच्छीमारांचे कष्ट खरोखरच कमी झाले. पण फाटून मुळांत अडकलेले जाळे आता वर्षानुवर्षे तसेच राहते. पुढे पिशव्या आणि बाटल्याही आल्या.

तिवराची श्वसनमुळे चिखलातून बोटांसारखी वर येतात. त्यांवर पिशव्यांचा थर बसला की हवा कोंडते. मध्य जावाच्या किनाऱ्यावरील 2021 च्या अभ्यासात मुळे अर्धी झाकलेली झाडे तगली. पूर्ण झाकलेल्यांची पाने गळाली आणि काही मेली. थराखालच्या गाळात प्राणवायू पोहोचत नाही, कुर्ल्यांची बिळे बुजतात. उन्हाने आणि लाटांनी प्लॅस्टिकचे तुकडे होतात. 5 मिलिमीटरहून लहान तुकडे पाणी गाळून खाणाऱ्या तिसऱ्या आणि कालवे अन्नाबरोबर आत घेतात. तिसऱ्या खाऱ्या पाण्यात ठेवल्या की वाळू सोडतात, पण हे कण सगळे सुटतीलच असे नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने 6 ऑक्टोबर 2005 रोजी कांदळवनाची तोड आणि तिथे कचरा टाकणे थांबवण्याचा आदेश दिला. 2012 मध्ये राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष आला, 2018 मध्ये प्लॅस्टिकबंदी. मात्र आधी गाळात रुतलेले जाळे यंत्राने ओढले तर कोवळी रोपेही उपटतात. ते सुकतीच्या वेळी चिखलात उतरून हातानेच सोडवावे लागते, आणि बारीक तुकडे तरीही मागे राहतात.