सावेडीहून राहुरीकडे

सावेडीवरून मनमाडच्या रस्त्याला लागले की पुढे राहुरी येते. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि लक्ष्मीबाईंचा संसार उधळला. काही वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. पुढे बाई नगरास पतीकडे आल्या, सोवळेओवळे हळूहळू सुटले, आणि १९०० साली राहुरीस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणून काही कटकटी संपल्या नाहीत. पैशाची ओढाताण होतीच. १९१९ साली टिळकही गेले. तरी बाई खचल्या नाहीत. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुरे केले. पाहा बरे, श्रद्धेने संकट टळत नाही. पण सकाळी उठून पुन्हा कामाला लागण्याचे बळ मात्र मिळते.