ट्रॅकिंग लेबल (मुलांच्या वस्तूंवरील)

मुलांची वस्तू कोणी, कोठे, केव्हा आणि कोणत्या खेपेत बनवली हे सांगणारी, वस्तूवर कायम टिकणारी खूण. अमेरिकेत १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी मुख्यतः बनवलेली खेळणी, कपडे, पाळणे इत्यादींवर ती कायद्याने बंधनकारक आहे.

पार्श्वभूमी : २००७ मध्ये रंगात शिसे आढळल्याने लाखो खेळणी अमेरिकी बाजारातून परत मागवावी लागली, त्यांत मॅटेल कंपनीची फिशर-प्राइस खेळणीही होती. शिसे वाढत्या मेंदूला अपाय करते आणि लहान मूल हाती येईल ते तोंडात घालते. खोके एकदा फेकून दिले, की आपल्या घरातले खेळणे सदोष खेपेतले आहे का, हे पालकांनी ओळखायचे कसे? १४ ऑगस्ट २००८ रोजी संमत झालेल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा सुधारणा कायद्याच्या कलम १०३ ने यावर उपाय केला. त्यातील अट १४ ऑगस्ट २००९ पासून बनलेल्या मालाला लागू झाली.

मजकूर व स्वरूप : उत्पादकाचे किंवा ज्याच्या नावाने माल विकला जातो त्याचे नाव, उत्पादनाचे ठिकाण व तारीख, आणि खेप क्रमांकासारखा तपशील लेबलवर लागतो. अक्षरांचा आकार वा जागा ठरवून दिलेली नाही. सांकेतिक क्रमांकही चालतो. खूण मात्र वस्तू वापरात असेपर्यंत टिकली पाहिजे. म्हणून प्लास्टिकच्या मोटारीच्या तळाशी साच्यातूनच अक्षरे उमटवतात, तर झबल्याच्या आतल्या शिवणीत पट्टी शिवतात. दोऱ्याने अडकवलेली चिठ्ठी पुरेशी नाही. आयात मालालाही हाच नियम असल्याने तिरुपूरहून अमेरिकेला जाणाऱ्या लहान मुलांच्या कपड्यांवर ही माहिती द्यावी लागते.

अपवाद : खूण शक्य असेल तेथेच सक्तीची आहे. वस्तू फार लहान असेल किंवा खुणेमुळे ती बिघडत असेल, तर सवलत मिळते. वेष्टनातून वस्तूवरची खूण स्पष्ट दिसत असल्यास वेष्टनावर वेगळी लागत नाही.

मर्यादा : हे लेबल सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर सक्तीचा झालेला आयएसआय शिक्का मानकांची पूर्तता दर्शवतो. ट्रॅकिंग लेबल फक्त माग दाखवते. कोणत्या दिवशी कोणत्या पिंपातला रंग वापरला याची नोंद कारखान्याने चोख ठेवली असेल, तरच त्या क्रमांकावरून सदोष खेप वेळेत हुडकून मुलांच्या हातून काढून घेता येते.