अपुरी नोंद

दोन वर्षांपूर्वी पंचवटीतल्या आमच्या घरी एका रात्रीपुरती एक डबी आली. तीत छातीला बांधायचा पट्टा, नाकाशी लावायची बारीक नळी आणि बोटाचा चिमटा होता. सौ.च्या घोरण्याची तपासणी करायची होती. दुसऱ्या दिवशी अहवाल मिळाला : ‘नोंद अपुरी, पुन्हा करावी.’ चूक कोणाची, असे मी विचारले, तेव्हा तंत्रज्ञाने तिच्याकडे पाहिले. ‘अपुरी’ हा शब्द मला काही स्वस्थ बसू देईना. मी वाचायला लागलो.

१९६६ साली अमेरिकेत ॲग्न्यू, वेब आणि विल्यम्स या संशोधकांनी ‘पहिल्या रात्रीचा परिणाम’ मांडला. प्रयोगशाळेत तारा लावून निजलेला माणूस पहिल्या रात्री अधिक जागा राहतो, त्याची स्वप्नांची झोपही घटते. म्हणून कित्येक अभ्यासांत पहिली रात्र हिशेबातूनच वगळत. घरच्या तपासणीत मात्र बहुधा पहिली रात्र हीच एकुलती एक रात्र असते!

झोपेत श्वास थांबण्याच्या विकारावर, म्हणजे स्लीप ॲप्नियावर, पूर्वी गळ्याला भोक पाडणे हाच मोठा उपाय होता. १९८० साली सिडनीत कॉलिन सलिव्हन यांच्या एका रुग्णाने त्याला नकार दिला. मग व्हॅक्यूम क्लीनरच्या जातीच्या पंख्याची हवा नाकावाटे सोडून पाहिली गेली. १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला निबंध अवघ्या पाच रुग्णांवर आहे. सुरुवातीचे मुखवटे प्रत्येकाच्या नाकाचा प्लास्टरचा ठसा घेऊन घडवत आणि रोज रात्री चेहऱ्याला चिकटवत. (नाकावरून गावाचे नाव पडल्याची कथा सांगणाऱ्या नाशिककराला हे वाचून गंमत वाटली.) तिथे नाकाप्रमाणे यंत्र बेतले जात होते. आमच्याकडे यंत्र ठरलेले होते, माणसाने त्यात बसायचे होते.

आपल्याकडचा मोठा अभ्यास मुंबईचा, डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांचा, २००४ सालचा. नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या ६५८ जणांनी प्रश्नावली भरून दिली. त्यांतल्या २५० जणांची झोप घरीच रात्रभर नोंदली गेली. झोपेतल्या श्वासाच्या बिघाडाचे प्रमाण १९.५ टक्के निघाले. दिवसा पेंग येण्यासह ७.५ टक्के. काम महत्त्वाचे, यात शंका नाही. पण हे सगळे पुरुष होते, मध्यमवयीन, शहरी. बायकांचे घोरणे अजून चेष्टेचाच विषय होता, निदान आमच्या घरी तरी. त्या चेष्टेत मीही होतो.

दुसऱ्या खेपेला मी कागद-पेन्सिल घेऊन तिला विचारले, त्या रात्री काय काय झाले? तिने न अडखळता सांगितले. वायर बांगड्यांत अडकून चिमटा ओढला जात होता. पहाटे नळाला पाणी येते, तेव्हा उठून तिने तो काढून ठेवला. परत लावायचा असतो, हे कोणी सांगितले नव्हते. माहितीपत्रक इंग्रजीत होते. कोविडच्या दिवसांत असाच चिमटा घरोघरी पोचला, पण तो मिनिटभराचा. रात्रभर लावून निजणे वेगळे.

आम्ही डाव्या हातातल्या बांगड्या उतरवल्या, वायरवर चिकटपट्टी लावली. पाणी मी भरले. नोंद पूर्ण झाली : तासाला सरासरी २८ वेळा श्वास अडखळत होता. दहा वर्षे आम्ही त्याला ‘थकवा’ म्हणत होतो.

डबी परत करताना तिने एका चिठ्ठीवर मराठीत चार सूचना लिहिल्या आणि पट्ट्याखाली सरकवल्या. पहिलीच होती : ‘उठलात तर चिमटा पुन्हा लावा.’