साखळी, टिपण आणि ड्रोनचा नकाशा

पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावाच्या डोक्यावर मल्हारगड उभा आहे. मराठ्यांनी बांधलेला हा शेवटचा किल्ला. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांचे हे गाव. अलीकडच्या इतिहासात मात्र सोनोरीचे नाव वेगळ्या कारणाने घ्यावे लागते. गावठाणाची मोजणी ड्रोनने करण्याचा महाराष्ट्रातला सुरुवातीचा प्रयोग इथे झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची ‘स्वामित्व’ योजना जाहीर झाली आणि हेच काम देशभर सुरू झाले.

गावठाण इतकी वर्षे मोजायचे का राहिले, याचे कारण सरळ आहे. इंग्रजांनी जमीन मोजली ती साऱ्यासाठी. गावठाणावर सारा नव्हता, म्हणून गावनकाशावर त्याच्याभोवती एक रेघ ओढली गेली आणि आतली घरे, बोळ, परडी, गोठे तसेच राहिले.

आता मोजणीपूर्वी घरमालक आणि शेजारी यांच्या समक्ष हद्दीवर चुन्याची रेघ मारतात. मग ड्रोन उडतो. फोटो एकमेकांवर चढतील असे घेतलेले असतात, ते जुळवून एक सलग चित्र तयार होते. त्यातला एक ठिपका जमिनीवरच्या साधारण पाच सेंटिमीटरचा. त्यावरून नकाशा, चौकशी आणि शेवटी मिळकत पत्रिका.

मला लिहायचे आहे ते याच्या पुढच्या पायरीबद्दल. हे चित्र ज्या संगणकप्रणालीत तयार होते, तिथेच ते कोणी पाहत नाही. ते निर्यात होऊन गुगल अर्थवर, क्यूजीआयएसमध्ये किंवा एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळावर जाते. त्या वाटेत काय गळते, हा प्रश्न तंत्रज्ञांचा समजला जातो. माझ्या मते तो इतिहासाचा आहे, आणि आपल्याकडे तो दीडशे-दोनशे वर्षे जुना आहे.

दख्खनेत प्रिंगलने केलेली पहिली मोजणी सदोष निघाली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५च्या सुमारास इंदापुरापासून नव्याने सुरुवात केली. मुंबई इलाख्याच्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आज हेक्टर-आर लिहूनही गावात बोलतात ते गुंठ्यात, म्हणजे त्या साखळीतच.

या व्यवस्थेतली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट म्हणजे टिपण. शेताची कच्ची आकृती आणि तिच्यावर साखळीने मोजलेले आकडे. त्यावरून गावनकाशा बेततात. नकाशाचा कागद दमट हवेत फुगतो, उन्हात आकसतो, घडीवर फाटतो, नक्कल करताना रेघ सरकते. टिपणावरचा आकडा आकसत नाही. भांडण लागले की जाणता भूकरमापक आधी टिपण मागतो. पाहण्याची वस्तू वेगळी आणि मोजल्याचा पुरावा वेगळा, हा भेद त्या लोकांना पक्का ठाऊक होता.

ड्रोनच्या कामात हा भेद पुसट होतो, कारण दोन्ही गोष्टी पडद्यावर सारख्याच दिसतात. जिओटिफ या प्रकारात चित्राबरोबर त्याचे पृथ्वीवरचे ठिकाण आणि प्रक्षेपण लिहिलेले असते. हे आजचे टिपण म्हणा. साध्या जेपीईजीत यातले काहीच बहुधा जात नाही.

पण ठिकाण बरोबर असूनही घोटाळा होतो. संकेतस्थळांवरचे बहुतेक नकाशे मर्केटरने १५६९ मध्ये दर्यावर्दींसाठी काढलेल्या प्रक्षेपणाच्या सोप्या रूपावर बेतलेले असतात. विषुववृत्तापासून दूर जावे तशी त्यात जमीन फुगते. पुण्याच्या अक्षांशावर लांबी सुमारे साडेपाच टक्के आणि क्षेत्रफळ अकरा टक्के. त्या रूपात निर्यात केलेल्या फाइलीवर कोणी सरळ पट्टी लावून मोजले, तर १०८९ चौरस फुटांचा गुंठा १२१० च्या पुढे जातो. दहा गुंठ्यांमागे एक गुंठा हवेतून आला! हा गुंठा खरा मानून दोन भाऊ वाटणीला बसले तर काय होईल, ते सांगायला नको. मोजणीला योग्य असे यूटीएम प्रक्षेपण घ्यावे, तर महाराष्ट्र दोन पट्ट्यांत विभागतो. अमरावती ४३ व्या पट्ट्यात, नागपूर ४४ व्या.

आमच्यासारखे हौशी अभ्यासक जुना सर्व्हे नकाशा ड्रोनच्या चित्रावर ठेवून बुजलेले बुरूज शोधतात. जुन्या नकाशांचा पाया एव्हरेस्टने १८३० मध्ये ठरवलेला पृथ्वीचा आकार, ड्रोनचा पाया उपग्रहांचा डब्ल्यूजीएस ८४. अक्षांश-रेखांश तेच लिहिले तरी जागा काहीशे फूट सरकते. एवढ्यात सोनोरीसारख्या गावात बुरूज गढीचा राहत नाही, शेजारच्या आळीचा होतो. उंचीचेही तसेच. उपग्रहाची उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. आपल्या भागात दोन्हींत साठ मीटरांच्या आसपास फरक आहे. दुरुस्तीशिवाय निर्यात केली तर किनाऱ्यालगतचे कोकणी गाव अरबी समुद्राच्या तळाशी दिसते. ही चूक निदान हास्यास्पद असल्याने लगेच लक्षात येते.

मराठीचा एक वेगळाच जाच आहे. घरांच्या हद्दी अजूनही सर्रास शेपफाइल या जुन्या प्रकारात निर्यात होतात. त्यात रकान्याच्या नावाला दहा अक्षरांची जागा असते, ती इंग्रजी अक्षरे धरून. देवनागरीचे एकेक चिन्ह तिप्पट जागा खाते, त्यामुळे ‘मालकाचे नाव’ हा रकाना ‘माल’पाशीच तुटतो. शिवाय शेपफाइल ही एक फाइल नसून फायलींचा जुडगा असतो. त्यातली लिपी सांगणारी छोटी फाइल मागे राहिली, तर आतल्या नावांच्या जागी अगम्य चिन्हे उमटतात. हद्द आहे, मालक नाही. २०१४ मध्ये आलेल्या जिओपॅकेजमध्ये ही अडचण नाही, पण कचेऱ्यांची सवय लवकर सुटत नाही.

आणि चुना. ती चार बोटांची रेघ मूळ चित्रात दोन-तीन ठिपक्यांची असते. संकेतस्थळावर चित्र झटकन उघडावे म्हणून ते निर्यातीत बारीक करतात. ठिपका अर्ध्या मीटरचा झाला की रेघ मातीत मिसळून जाते. जमिनीवरची रेघ तर पहिल्या पावसातच धुऊन गेलेली असते. दोन शेजाऱ्यांनी त्या दिवशी उभे राहून कुठे हात दाखवला, हे मग फक्त मूळ फाइलीत उरते. म्हणून गावाने मिळकत पत्रिकेबरोबर ती पूर्ण ठिपक्यांची जिओटिफ उड्डाणाच्या तारखेसह मागून घ्यावी आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावी.